खाली म्हणजे नेमकं काय?

भंगारानं भरलेली बादली क्रेनला लटकत होती. जमिनीवर उभा असलेला सुपरवायझर इथलाच, जालन्याचा. त्याला बादली उतरवून हवी होती म्हणून तो ओरडला, "खाली कर, खाली कर!" भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या पोराला बिहारहून येऊन नऊ दिवस झाले होते. बादली उलटी करायची साखळी त्याच्या हातात होती. त्यानं 'खाली कर' ऐकलं आणि सांगितल्याप्रमाणे साखळी ओढली. हिंदीत 'खाली करना' म्हणजे रिकामं करणं. लोखंडाचे तुकडे धडाधड कोसळले आणि तिसऱ्याच एका माणसाच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. तो तिसरा ओडिशाचा होता. वरच्यानं काय ऐकलं आणि खालच्यानं काय म्हटलं, यातलं त्याला काहीच कळलं नव्हतं.

ही हकिगत मला त्या मिलच्या मालकानं सांगितली. तो माझा जुना विद्यार्थी. दिवाळीच्या आधी घरी आला, चहा झाला, आणि म्हणाला, "बाई, सुपरवायझर मराठीत बरोबर बोलला. पोरानं हिंदीत बरोबर ऐकलं. मग चौकशीच्या कागदावर चूक कोणाची लिहू?"

मी म्हणलं, "तुझी लिही."

तो गप्प बसला. मी त्याला जे सांगितलं तेच आज इथं लिहिते आहे. माणूस तू हजार-दीड हजार किलोमीटरवरून आणलास. त्याला हेल्मेट दिलंस, बूट दिलेस, हातमोजे दिलेस, कारण त्यांचा खर्च मालकाचा हे तुला मान्य आहे. शब्द मात्र त्यानं स्वतः कमवायचे, शिव्या खात, चुकत, कधी बोटं गमावत. हे कुठल्या हिशोबात बसतं?

मी मस्तगडात राहते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, जुन्या जालन्यात एक गढी आहे, तिचं नाव मस्तगड आणि तिच्यावरून आमच्या वस्तीचंही. गढीतल्या फारसी शिलालेखात १७२३ साल आहे. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमानं काबिलखानानं जालन्याचा किल्ला उभारला, त्या काळातली ही गोष्ट. पुढं नगरपालिकेची कचेरी याच गढीत होती. दगडावर फारसी, निजामाच्या काळातल्या कागदांवर उर्दू, १९४८ नंतरच्या फायलींत मराठी, आणि भिंतीबाहेरच्या रस्त्यावर आमची दख्खनी, 'मेरेकू नक्को' म्हणणारी. तो 'नक्को' आमच्या 'नको'तूनच गेलेला. अशा ठिकाणी एकतीस वर्षं मराठी आणि हिंदी शिकवल्यावर, भाषा आपोआप येते असं कुणी म्हणलं की मला राहवत नाही. ती आपोआप येत नाही. कुणीतरी वेळ देतं, कुणीतरी पैसा देतं, नाहीतर कुणीतरी त्रास भोगतं.

'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी. आजचं सोनं लोखंडाचं आणि बियाण्यांचं आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली आणि बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचं नाव देशभर गेलं. पोलादाची कथा वेगळी. इथं खाणीतून लोखंड निघत नाही. बंदरांवरून आणि देशभरातून भंगार येतं, ते इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट पडतात, आणि रोलिंग मिलमध्ये ते लाल तापवून त्यांच्या सळया ओढल्या जातात. वितळलेलं पोलाद सोळाशे अंशांच्या आसपास असतं. भंगारात एखादा बंद तोंडाचा डबा गेला किंवा ओला माल पडला तर भट्टीतून स्फोट होऊन रस बाहेर उडतो. म्हणून भंगार निवडणाऱ्याला 'ओलं' आणि 'बंद' हे दोन शब्द कळणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि ही निवडणारी, भट्टीवर उभी राहणारी, लाल सळई चिमट्यानं धरणारी माणसं मोठ्या संख्येनं बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, झारखंड, ओडिशातून आलेली आहेत. एमआयडीसीच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलं तर भोजपुरी, बघेली, उडिया एकाच पानटपरीवर ऐकू येते.

गावाला ही माणसं दिसली ती ८ मे २०२० रोजी. टाळेबंदीत काम बंद पडलेले वीस मजूर जालन्याहून रुळांच्या कडेनं भुसावळकडं निघाले होते. तिथून गाडी मिळेल ही आशा. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिल्या. त्यांना मराठी येत असती तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला एका गोष्टीची लाज वाटली. ही माणसं आमच्या गावात पोलाद गाळत होती, आणि ती घरी कोणती भाषा बोलतात एवढंही मला, भाषेच्या शिक्षिकेला, ठाऊक नव्हतं. त्यांतले बरेच जण गोंड आदिवासी होते हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं.

म्हणून तो विद्यार्थी जेव्हा म्हणाला, "बाई, मग तुम्हीच शिकवा", तेव्हा मी लगेच हो म्हणलं. दोन अटी घातल्या. पहिली, मी मानधन घेणार. पैशाची गरज म्हणून नव्हे. फुकटचा वर्ग मालकाच्या मनात दानधर्माच्या खात्यात जातो आणि मंदी आली की पहिला तोच बंद होतो. दुसरी अट त्यानं तेव्हा मानली नाही. ती होती, वर्ग पाळीच्या वेळात घ्यायचा. तो म्हणाला, "उत्पादन थांबतं, बाई. पाळी सुटल्यावर घेऊ."

पाळी सुटल्यावरच्या पहिल्या वर्गाला बावीस जण आले. टाइम ऑफिसच्या मागची पत्र्याची शेड, मिलमधल्याच एका पत्र्याला काळा रंग मारून केलेला फळा. दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे डोळे लाल होते. तिसऱ्या ओळीतला एक जण बसल्या बसल्या झोपला आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडला. मी त्याला उठवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पंधरा उरले, चौथ्यात सात. ज्यांना स्वयंपाक करायचा होता, ज्यांना गावी फोन लावायचा होता, ते येईनासे झाले. मालक म्हणाला, "बघा, यांनाच शिकायचं नाही."

हे वाक्य मी शाळेतही फार ऐकलं आहे. मी त्याला आकडा मांडून दाखवला. वीस माणसं, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास. म्हणजे आठवड्याला तीस तासांची मजुरी. त्या अपघातानंतर क्रेन किती तास उभी होती? दवाखान्याचं बिल किती झालं? त्यानं मनातल्या मनात हिशोब केला असावा. पुढच्या मंगळवारपासून वर्ग पाळीतल्या अर्ध्या तासात बसला, हजेरी न कापता. एकवीस जण आले आणि टिकले. माणसं तीच, शिकवणारी तीच, फळा तोच. बदलली ती एकच गोष्ट, वेळ कोणाचा जातोय ही.

आता शिकवलं काय ते सांगते, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथं आहे. हिंदी आणि मराठी या बहिणी आहेत, लिपी एक, निम्मे शब्द एक. म्हणून सगळ्यांना वाटतं, समजतंच की. पण पूर्ण परकी भाषा ऐकली तर माणूस निदान थांबून विचारतो. ओळखीचा शब्द ऐकला की तो विचारत नाही, हात चालवतो. 'खाली'चं तुम्ही पाहिलंच. 'उचल' म्हणलं की नव्या माणसाला 'उछल' ऐकू येतं, म्हणजे उडी मार. 'धर' म्हणजे आपल्याकडं पकडून ठेव, आणि हिंदीत 'धर दो' म्हणजे ठेवून दे. एक जण म्हणतोय घट्ट धर, दुसऱ्याला वाटतंय सोडून ठेवू का. 'काल'चा घोळ वेगळाच. त्यांच्या 'कल'मध्ये काल आणि उद्या दोन्ही येतात, आपला 'काल' फक्त मागचा. "काल रातपाळीला तू होतास?" या प्रश्नाला एकानं "हाँ" म्हणलं, कारण त्याची रातपाळी उद्या होती. पहिल्या दिवशी एक जण उभा राहून आदरानं म्हणाला, "हम शिक्षा लेने आए हैं", तेव्हा दारातला वॉचमन हसला. 'शिक्षा' म्हणजे मराठीत काय, हे मी फळ्यावर लिहून समजावलं. मग कुणीच हसलं नाही.

आणि 'बाई'. जालन्यात शिक्षिकेला बाई म्हणतात, त्यात आईइतका मान आहे. यांच्या गावाकडं चांगल्या घरच्या स्त्रीला असं हाकारणं म्हणजे तिचा अपमान. गयेकडचा एक वयस्क माणूस तीन आठवडे मला हाकच मारत नव्हता. प्रश्न असला की खोकायचा. कारण कळलं तेव्हा मी म्हणलं, तुमच्याकडं काय म्हणतात? तो म्हणाला, "चाची." तेव्हापासून त्या शेडमध्ये मी निम्म्यांची बाई आणि निम्म्यांची चाची आहे.

दुसऱ्या महिन्यात मी मालकाला सांगितलं की क्रेनच्या आसपास 'खाली' हा शब्द बंद कर. 'डाऊन' आणि 'अप' म्हणा, इशारा एकाच माणसानं द्यायचा, हातानं आणि तोंडानं दोन्ही. एक जुना मुकादम माझ्यावर रागावला. "बाई, तुम्ही मराठीच्या मास्तरीण, आन् तुम्हीच मराठी काढायलाय का?" त्याचं दुखणं खरं होतं. मी त्याला म्हणलं, ज्या जागी एका शब्दाचे दोन अर्थ ऐकू येतात आणि त्यात पाय तुटतो, त्या जागेवरून तो शब्द उचलायचा. बाकी सगळ्या जालन्यात आपली मराठी आहे, तिथं मी त्यांना ती शिकवतेच आहे. भट्टीपाशी आता रंगवलेले नऊ शब्द आहेत, प्रत्येकासमोर चित्र, कारण एकवीसपैकी सहा जणांना कुठलीच लिपी वाचता येत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात आम्ही पगाराकडं वळलो. हजेरी, कपात, ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधी, उचल. ही दुसरी 'उचल', आगाऊ घेतलेल्या पैशाची. शब्द कळल्यावर एकानं ठेकेदाराच्या वहीतल्या आपल्या पानावर बोट ठेवून विचारलं, ही उचल मी एकदाच घेतली, मग दोनदा का लिहिली? वहीत चूक होती. पैसे परत मिळाले. ठेकेदारानं नंतर माझ्याशी बोलणं सोडलं. भाषा शिकवायची तर मालकानं याचीही तयारी ठेवावी. 'डाऊन' समजणारा मजूर हवा आणि 'कपात' समजणारा नको, असं चालत नाही. शब्द दिले की ते सगळीकडं चालतात.

मग दवाखाना. 'भाजलं', 'चटका बसला', 'चक्कर येते', 'श्वास घेता येत नाही'. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहून दुखणं सांगता येणं ही मला वर्गातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

भाषा शिकण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मिलच्या गेटवर सुरू झाला नाही. त्याला आमच्याच मातीत दोनशे वर्षांचा इतिहास आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेल्स्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेल्स्ली तेव्हा गव्हर्नर जनरल होता, आणि तीनच वर्षं आधी, १८०० साली, त्यानं कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं होतं. कशासाठी? समुद्रापलीकडून नोकरीला आलेल्या पोरसवदा इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायला. तिथं विल्यम केरी मराठी शिकवू लागला, पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं. त्या वर्गासाठी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं आणि १८१० मध्ये कोश. पुढं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३१ साली. तो स्वतः कंपनीच्या फौजेतला अधिकारी. तो कोश आजही माझ्या कपाटात आहे. जालन्यातही इंग्रजांची छावणी होती. अशा छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला भाषा शिकायला मुनशी मिळे, त्याच्यासाठी भत्ता मिळे, आणि परीक्षा पास झाली की बक्षीस.

म्हणजे मालकानं परक्या नोकराला भाषा शिकवायची, स्वतःच्या खर्चानं, ही कल्पना नवी नाही. कंपनीला ती पक्की ठाऊक होती. फक्त ती वरच्या नोकरांपुरती होती. माझे आजोबा निजामाच्या तहसिलात कारकून होते. घरात मराठी, कचेरीत उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आजोबांना मुनशीचा भत्ता कोणी दिला नाही. रात्री कंदिलाशी बसून, एका मौलवींना महिन्याला ज्वारी देऊन ते उर्दू लिहायला शिकले. वरच्याला भत्ता, खालच्याला कंदील. मिलच्या शेडमध्ये पेंगणारा तो माणूस पाहिला तेव्हा मला आजोबाच आठवले.

कारखान्यातल्या मजुरासाठी मालकानं भाषेचा वर्ग काढण्याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९१४ साली हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात युरोपभरातून आलेले मजूर होते, त्यांच्यासाठी फोर्ड इंग्लिश स्कूल सुरू झालं. शिकवणारे कारखान्यातलेच लोक. चांगलं काम. पण वर्ग पाळीच्या आधी किंवा नंतर, मजुरीशिवाय, आणि न येणाऱ्याची नोकरी धोक्यात. शिवाय इंग्रजीबरोबर कसं राहायचं, कसं खायचं, कसे पैसे साठवायचे तेही कंपनीच ठरवायची. उत्तीर्ण झालेल्यांचा समारंभ असा व्हायचा की रंगमंचावर एक मोठी कढई, तिच्यात मजूर आपापल्या देशाचे कपडे घालून उतरायचे आणि अमेरिकन सूट घालून, हातात झेंडा घेऊन बाहेर यायचे. मला हे पटत नाही. भाषा देताना माणसाकडून त्याची जुनी भाषा काढून घ्यायची नसते. माझ्या वर्गात आलेला माणूस भोजपुरीच राहिला पाहिजे, फक्त त्याच्याकडं आणखी एक भाषा असली पाहिजे.

आता उलट बाजूनं बघा. आपल्या मुली नर्स होऊन परदेशी जातात. इंग्लंडला जायचं तर आयईएलटीएस किंवा ओईटी, जर्मनीला जायचं तर साधारण बी-टू पातळीपर्यंतची जर्मन. यातल्या कितीतरी मुली घरचं सोनं मोडून क्लासची फी भरतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे, आणि त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च शासनानं उचलायचा. ठरणं आणि घडणं यांत अंतर असतं, ते मी जाणून आहे. पण त्यामागचं तत्त्व मला योग्य वाटतं. आपल्या पोरांसाठी जे तत्त्व आपण मागतो, तेच आपल्या दारात आलेल्या दुसऱ्यांच्या पोरांना लावायला आपण का कचरतो?

केरळनं हे करून दाखवलं. तिथल्या साक्षरता मिशननं २०१७ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पेरुंबवूरला 'चंगाती' नावाचा उपक्रम सुरू केला. चंगाती म्हणजे मित्र. प्लायवूडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बंगाल-आसाम-ओडिशाच्या मजुरांचं ते गाव. त्यांच्यासाठी पुस्तक काढलं, त्याचं नाव 'हमारी मलयाळम'. 'हमारी' हा शब्द बघा. तुम्हाला आमची भाषा आली पाहिजे, असं ते पुस्तक म्हणत नाही. ही भाषा तुमचीही आहे, असं म्हणतं.

आपल्याकडं २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिची चित्रफीत घरोघरी पोचली. मी मराठीवर जीव टाकणारी बाई आहे, आणि मला त्या चित्रफितीनं वेदना झाली. थोबाडीत मारून भाषा आली असती तर माझ्या शाळेतली सगळी मुलं पंडित झाली असती. ज्याला मराठी येत नाही त्याला शिकवणारा कोण, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नाही. मराठवाड्यातली हजारो जोडपी दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कर्नाटकातही जातात. आमच्या मंठा-घनसावंगीकडच्या एका बाईनं मला सांगितलं होतं, तिकडं लेकरू तापानं फणफणलं तेव्हा डॉक्टरला कानडीत काय सांगावं हे न कळून तिनं लेकराचा हात डॉक्टरच्या कपाळाला लावला होता. डॉक्टरला कळलं. सगळं दुखणं असं हातानं सांगता येत नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १०८ होतं, कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावा. कलम ७-अ प्रमाणे कामगाराच्या सुरक्षिततेसाठी माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देणं ही कारखानदाराची जबाबदारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कलमांचे आकडे बदलले तरी प्रश्न तोच आहे. सूचना 'बहुसंख्यांच्या भाषेत' लावली आणि बोटं गेली ती अल्पसंख्याची, त्या ओडिशाच्या माणसाची, तर पाटीनं आपलं काम केलं का? आणि ज्याला वाचताच येत नाही त्याला पाटीचा काय उपयोग? समजेपर्यंत समोर बसून शिकवणं, हाच मला प्रशिक्षणाचा अर्थ कळतो.

जालन्याच्या, वाळूजच्या, चाकणच्या, तारापूरच्या कारखानदारांना माझी विनंती आहे. नवा माणूस भट्टीपाशी किंवा मशिनपाशी पाठवण्याआधी त्याला दहा-बारा शब्द शिकवा, त्याच्याकडून म्हणवून घ्या, करवून घ्या. मग सहा महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, पाळीच्या वेळात, मजुरी चालू ठेवून. ठेक्यावरचा माणूस असला तरी, कारण भट्टी ठेकेदाराची नाही, तुमची आहे. शिकवायला शिक्षक मिळतील. प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखे निवृत्त मास्तर आणि बाया आहेत, ज्यांना सकाळी कुठं जावं असा प्रश्न पडतो.

एक गोष्ट मलाही उशिरा सुचली. गेल्या महिन्यात त्या गयेकडच्या माणसानं मला विचारलं, "चाची, हम लोग इतना सीखे, ऊ लोग का सीखे?" ते लोक काय शिकले? सुपरवायझर, क्रेनवाला, मुकादम. मी मालकाकडं गेले. वर्गातल्या लोकांनीच यादी करून दिली, भोजपुरी, उडिया आणि गोंडीतले पंचवीस शब्द. थांब, सोड, सांभाळ, गरम आहे, मागं हो, पाणी पाहिजे, लागलं का.

येत्या मंगळवारपासून सुपरवायझर आणि मुकादमांचा वर्ग सुरू होतोय. दुपारी चार वाजता, पाळीच्या वेळात, त्याच शेडमध्ये. शिकवणार आहे पायाची दोन बोटं गेलेला तो ओडिशाचा माणूस. त्याचं मानधन मालकानं माझ्याइतकंच ठरवलं आहे.